साक्ष द्यायला शिकवायला बाहेरची टीम कशाला?

नगरकर:
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, डिसेंबरात परदेशातून टीम येतेय. चार दिवस तरुण संघाला साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव दुसऱ्याला सांगायला शिकवणार, मग जोड्या करून आसपासच्या गावांत पाठवणार. माझा ठाम विरोध आहे. पाठ करायच्या प्रश्नांत पहिलाच प्रश्न आहे, ‘आज रात्री मरण आलं तर तुम्ही कुठं जाल?’ नुकतीच माती देऊन आलेल्या घराच्या ओसरीवर बसून आमची पोरं हे विचारणार का?

अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं, 1831 साली नगरला. आपल्या लोकांना सुवार्ता आपली वाटली ती मात्र अभंग, ओवी आणि कीर्तनातून. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. त्यांची पदं आजही आपण उपासनेत गातो. एवढी पुंजी घरात असताना शिकवणी बाहेरून का लावायची?

पुणेरी तरुण संघ:
पटलं नाही. कीर्तनाचा अभिमान आहे, पण तुमच्या पोरांपैकी कीर्तन कुणाला येतं? आमच्याकडे पाळकांशिवाय कुणी तोंडच उघडत नव्हतं. अशाच एका टीमनं आम्हाला समोरासमोर बसवलं आणि तीन मिनिटांत स्वतःची साक्ष सांगायला लावली. अट एकच, ‘तारण’, ‘पापक्षमा’ असले चर्चमधले शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या दिवशी निम्मे अडखळले. शेवटी मात्र एका मुलीनं वडिलांची दारू कशी सुटली ते इतकं सरळ सांगितलं की सगळे गप्प झाले. हे आपल्यातलं कुणी का नाही शिकवलं?

वकील, संभाजीनगर:
व्हिसाचं कुणी बघितलंय का? पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. टीम विमानानं परत जाईल, पोलीस ठाण्याच्या खेपा गावातली माणसं घालतील. राज्यघटनेचं कलम 25 धर्मप्रचाराचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 सालीच सांगितलंय. प्रशिक्षणात पहिला तास याचा ठेवा.

शेजारी:
मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या ताई येशूबद्दल बोलतात, मी ऐकतो, कारण आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात त्याच बसल्या होत्या. पण कुणी वहीत माझं नाव लिहून ‘भेट झाली’ अशी खूण करणार असेल, तर त्यानं माझ्या दारात येऊ नये.

नाशिकची लेक:
बायबलबाया कशा विसरलात? माझी आजी त्यांतलीच. बायकांना आधी अक्षरं गिरवायला शिकवायची, बाळंतिणीची विचारपूस करायची, शुभवर्तमान त्यानंतर. वर्षानुवर्षं त्याच आळीत जायची. चार दिवसांत हे कुणाच्या अंगी येणार? तिला शिकवणाऱ्या मिशनच्या मॅडमही बाहेरच्याच होत्या, पण त्या इथं राहून मराठी शिकल्या होत्या.

नगरकर:
तीन मिनिटांचा सराव जरूर घेऊ, मराठीत आणि आपल्याच माणसांकडून. पाहुण्यांनी उपासनेला यावं, आमच्याबरोबर जेवावं. पण गावात जोड्या पाठवायला माझा नकार कायम आहे. रविवारी मंडळीच्या पंचकमिटीत हेच मांडणार.

पुणेरी तरुण संघ:
मांडा. फक्त त्या बैठकीला तरुण संघातल्या दोघांना बसवा. जायचंय त्यांना, आणि त्यांचं मत अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.