मदत हवी आहे: कांद्याच्या मुळात विभाजन होणारी पेशी काही केल्या दिसत नाही

केळीबाग

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात केळीच्या पट्ट्यातल्या एका शाळा-कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. सकाळी दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २, मग अकरावी सायन्सचं बायोलॉजी, आणि दुपारी व्यवसाय अभ्यासक्रमाच्या उद्यानविद्येच्या २४ मुलांना वनस्पतींचा भाग. सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं, तिन्हीकडे येतं. दहावीत आकृतीपुरतं, अकरावीत प्रात्यक्षिकासकट, आणि उद्यानविद्येला मी स्वतःहून घेतो.

अडचण अशी की तीन वर्षं झाली, कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड एकदाही जमलेली नाही. माझी पद्धत सांगतो, चूक कुठे होते ते दाखवा. वाण्याकडून कांदा आणायचा, पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ठेवायचा. सहा-सात दिवसांत सहा-सात सेंटीमीटर मुळं येतात. प्रॅक्टिकलच्या तासाला, म्हणजे दुपारी अडीचला, मुळाचा सेंटीमीटरभर तुकडा कापायचा, ॲसिटोकार्माइन या रंगाचे दोन थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर शेक, वर कव्हरस्लिप, दाबायचं. भिंगाखाली दिसतात त्या विटांच्या भिंतीसारख्या लांबट गुलाबी पेशी. कुठे कुठे केंद्रकाचा ठिपका. गुणसूत्रं नावालाही नाहीत. मग कपाटातली विकतची जुनी परमनंट स्लाइड काढायची, सगळ्यांनी रांगेने डोळा लावायचा, आकृती काढायची, तास संपला.

या वर्षी उद्यानविद्येच्या एका मुलाने विचारलं, "सर, ही काच तुम्ही बनवली का?" म्हटलं नाही, कंपनीची आहे. "मग त्यांच्या कांद्यात होतं ते आपल्या कांद्यात का होत नाही?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना ते डोक्यातून जाईना. मी उत्तर दिलं होतं की बहुतेक पेशी मध्यंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात असतात. ते खरंच आहे, पुस्तकातही पेशीचक्राचा ९५ टक्क्यांहून जास्त काळ तीच अवस्था असते असं दिलंय. पण उरलेल्या पाच टक्क्यांतली एकसुद्धा तीन वर्षांत सापडू नये?

त्याच मुलाचा दुसरा प्रश्न: केळीत बी नाही, मग केळी वाढते कशी? त्याच्या घरची बाग आहे, मुनवे (बुंध्याजवळ फुटणारी पिलं) काढणं, त्यांचीच पुढची पिलबाग धरणं हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं. मला ते विभाजनाशी जोडून सांगायचंय, पण नीट मांडणी सुचत नाही. स्टाफरूममध्ये विषय काढला तर उत्तर मिळालं, "त्यांना काय करायचीत गुणसूत्रं? त्यांना कलमं बांधू दे." त्यावर काही बोललो नाही, पण पटलंही नाही.

साधनं: चार सूक्ष्मदर्शक, त्यातल्या एकाचा आरसा गायब. तास ३५ मिनिटांचा. जाणकारांनी हात द्यावा.

---

कव्हरस्लिप

केळीबाग सर, मी सीनियर कॉलेजला बॉटनी शिकवते. तुमच्या पद्धतीत एक नाही, चार चुका आहेत. रागावू नका, मीही पहिली दोन वर्षं यातल्या तीन केल्या होत्या.

सर्वात मोठी चूक तुकड्याची. विभाजन होतं ते फक्त टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. त्याच्या वर पेशी वाढतात, लांबतात, पण विभागत नाहीत. तुम्ही सेंटीमीटरभर कापता आणि पाहता तो वरचा भाग. तुमच्या त्या "विटा" म्हणजे लांबलेल्या पेशी. मुळं दोन-तीन सेंटीमीटरची झाली की लगेच कापा.

दुसरी गोष्ट वेळेची. मुळं सकाळी कापतात, साधारण आठ ते साडेदहाच्या दरम्यान, कारण तेव्हा विभाजन जास्त सापडतं. तुमचं प्रॅक्टिकल दुपारी आहे, काही बिघडत नाही. सकाळी कापून लगेच फिक्सेटिव्हमध्ये टाका: तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, दर वेळी ताजं मिसळून. पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच थांबते. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा, मग महिन्याभरात कधीही वापरा. तुमच्या पद्धतीत ही पायरीच नाही.

तिसरी, आम्ल. दोन पेशींना जोडणारा पेक्टिनचा थर सुटल्याशिवाय पेशी एकमेकींवरून पसरत नाहीत, नुसता लगदा होतो. आम्ही एक नॉर्मल (1N) तीव्रतेचं एचसीएल ६० अंशांवर पाच-सहा मिनिटं देतो. वॉटर बाथ नसेल तर पसरट तोंडाच्या थर्मासमध्ये गरम पाणी, त्यात परीक्षानळी, सोबत थर्मामीटर. आम्ल बनवताना ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मग पाण्याने दोन-तीनदा धुऊन दहा-पंधरा मिनिटं रंगात. टोक बाकी मुळापेक्षा गडद होतं. तेवढंच गडद टोक ठेवायचं, बाकी सगळं फेकून द्यायचं. मुलांना हे फेकणं जमत नाही, त्यांना वाटतं वाया गेलं.

आणि चौथी, दाबणं. कव्हरस्लिपवर आधी सुईच्या मागच्या टोकाने हलके टकटक करा, मग फिल्टर पेपरची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जराही फिरला की पेशींच्या वळकट्या होतात.

३५ मिनिटांचा प्रश्न यातच सुटतो. आम्ल आणि रंग तुम्ही तासाआधी उरकून ठेवा. मुलांनी फक्त टोक कापायचं, दाबायचं आणि शोधायचं. शोधणं आधी १०च्या वस्तुभिंगाने. लहान चौकोनी पेशी आणि त्यात मोठं केंद्रक दिसलं की तिथेच ४५ लावायचं.

---

चाळकरी

मास्तर, आधी कांदा कुठला घेता ते बघा. नवीन निघालेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटायला दिवस लागतात. कांदाचाळीत राहिलेला, शेंड्याला हिरवा कोंब डोकावतोय असा उन्हाळी कांदा घ्या. गिऱ्हाईक नको म्हणतं तोच तुमच्या कामाचा. बुडाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने हलकी खरवडा, मुळं फुटतात ती तबकडी कापू नका. बूड पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे, बुडालं की कुजतं. पाणी रोज बदला.

कोंब येऊ नये म्हणून कांद्यावर विकिरण करतात, लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं केंद्र आहे. तसला कांदा चुकून हाती आला तर विसराच, विकिरणाचा मारा विभागणाऱ्या पेशींवरच असतो. पण तुमच्या वाण्याकडे तो असण्याची शक्यता कमी.

कांदा नाहीच जमला तर लसूण. पाकळी दोन-तीन दिवसांत मुळं टाकते.

---

कव्हरस्लिप

चाळकरींना दुजोरा. लसणाचीही गुणसूत्रं १६, कांद्याचीही १६, दोन्हीची चांगली मोठी. आकृती तीच राहते.

---

नवखा_शिक्षक

कोल्चिसीन वापरा ना सर. मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत आलेल्या पेशी, भरपूर मिळतात. आम्ही एमएससीला वापरायचो.

---

निवृत्त मास्तर

नवखा, एमएससीला वापरलं असेल, शाळेत नको. कळलावीच्या बियांतून निघतं ते, आणि कळलावी काय चीज आहे हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पोरांच्या हातात विष देऊ नये. मध्यावस्थाच हव्या असतील तर कापलेली मुळं २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवून मग फिक्स करा, तुर्कतंतू मोडतात आणि गुणसूत्रं आखूड होऊन साठतात. पण मग पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे सरकतानाची अवस्था, मिळणार नाही, कारण गुणसूत्रं ओढणारं कुणी उरलेलं नसतं. शाळेला चारही अवस्था हव्यात, तेव्हा साधी पद्धतच बरी.

एक जुनी युक्ती. कार्माइनला थोडं लोह मिळालं की रंग जास्त चढतो. आम्ही गंजकी लोखंडी सुई वापरायचो आणि टोक रंगाच्या थेंबात तिनेच कुस्करायचो. आमचे प्रयोगशाळा परिचर नवीन चकचकीत सुया कपाटात कुलूपबंद ठेवत आणि गंजक्या आम्हाला देत. आम्हाला वाटे कंजूष आहेत.

नावाबद्दलही मुलांना सांगा. फ्लेमिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या पेशींत हे धागे पाहिले आणि ग्रीकमधल्या धाग्याच्या शब्दावरून १८८२ मध्ये मायटोसिस नाव दिलं. आपल्याकडे सूत्र म्हणजेही धागाच. आमच्या वर्गात "सूत्री" म्हटलं की पोरांना गणितातलं सूत्र आठवायचं. एकदा सुताचा गुंडा टेबलावर ठेवला, मग गोंधळ संपला.

---

रोपवाला

केळीच्या रोपांच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. पहिला प्रश्न वरच्यांनी सोडवलाच आहे.

त्याच्या बागेत बहुधा ग्रँड नैन असेल. खाण्याची ही केळी त्रिगुणित असते, म्हणजे ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. बी तयार व्हायचं तर आधी गुणसूत्रं निम्मी करणारं अर्धगुणसूत्री विभाजन हवं, त्यात गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. तिघांच्या जोड्या कशा लावणार? वाटणी बिघडते आणि धड बी तयार होत नाही. फळ मात्र बीजधारणेशिवायच भरतं. केळ कापल्यावर मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात ते न वाढलेल्या बीजांडांचे अवशेष. तासाला एक केळ नेऊन कापा, आकृतीची गरज नाही.

म्हणजे त्याच्या बागेत बियांचा मार्गच बंद आहे. मुनवा फुटतो तो सूत्री विभाजनाने, पिलबाग उभी राहते ती सूत्री विभाजनाने. आमच्या लॅबमध्येही तेच: मुनव्याच्या आतला वाढीचा कोंब काढायचा, बाटलीत पोषक माध्यमावर ठेवायचा, पुन्हा पुन्हा विभागायचा. एका कोंबापासून हजारो रोपं, सगळ्यांत तीच ३३ गुणसूत्रं. म्हणून तर सगळी बाग साधारण एकाच सुमाराला निसवते, म्हणजे घड टाकते. आणि म्हणूनच एक रोग आला की सगळ्या झाडांना सारखाच धोका.

आणखी एक, हे मुलांना हमखास आवडतं. बाटलीत फेऱ्या फार वाढवल्या तर विभाजनात चुका साठतात आणि शेतात विचित्र रोपं निघतात, बुटकी, वेगळ्या पानांची. म्हणून लॅबला ठरावीक फेऱ्यांनंतर पुन्हा नव्या मातृवृक्षाकडे जावं लागतं. त्या मुलाच्या वडिलांनी असं एखादं झाड नक्की पाहिलेलं असेल, विचारायला सांगा. आणि तुमच्या स्टाफरूममधल्या मित्राला सांगा की आमच्याकडे बाटल्यांवर बसणारी बरीच मुलं व्यवसाय अभ्यासक्रमाचीच आहेत.

फक्त केळीच्या मुळाची स्लाइड करायला जाऊ नका. गुणसूत्रं फारच बारीक. कांदाच बरा.

---

केळीबाग

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. कव्हरस्लिप मॅडम, दोन शंका. फिक्सेटिव्हसाठीचं ॲब्सोल्युट (बिनपाण्याचं) अल्कोहोल शाळेला मिळवणं म्हणजे कागदपत्रांची माळ, काही पर्याय? आणि आरसा नसलेल्या सूक्ष्मदर्शकाचं काय करू?

---

कव्हरस्लिप

मिथेनॉलने काम होतं, पण तेही विषारी, शिवाय मिळवायची कटकट तीच. त्यापेक्षा जवळच्या सीनियर कॉलेजच्या बॉटनी विभागाला पत्र द्या. वर्षाला ५० मिली फिक्सेटिव्ह कुणीही देईल, आम्ही तीन शाळांना देतो. मुळं तिकडेच नेऊन बाटलीत टाकली तरी चालेल.

आरशाच्या जागी मोबाइलची टॉर्च, वर ट्रेसिंग पेपरचे दोन थर. खरं तर आरशापेक्षा बरं दिसतं.

---

केळीबाग

उशिरा लिहितोय, मध्ये सहामाही परीक्षा आल्या.

पहिला प्रयत्न फसला. आम्ल जास्त वेळ झालं, टोकं हातात घेताच विरघळल्यासारखी झाली. थर्मासचं पाणी ७० अंशांवर होतं आणि मी थर्मामीटर नीट पाहिला नव्हता. दुसऱ्यांदा ६०, बरोबर पाच मिनिटं. कांदा चाळीतला, एका विद्यार्थिनीने घरून आणलेला. मुळं सकाळी नऊला कापली, फिक्सेटिव्ह शेजारच्या कॉलेजने एका फोनवर दिलं.

आधी अकरावी सायन्सची बॅच घेतली. सात-आठ गटांपैकी दोघांना जमलं. बाकीच्यांनी कव्हरस्लिप फोडल्या किंवा अंगठा फिरवला. दुपारी उद्यानविद्या. सहा गट, पाच गटांना विभागणाऱ्या पेशी मिळाल्या. डोळा बांधणं, कलमाच्या काडीला तिरका काप देणं ही कामं रोज करणाऱ्या हातांना दीड मिलिमीटर टोक कापणं म्हणजे काहीच नाही, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. आता सायन्सच्या मुलांना टोक कापायला शिकवण्यासाठी त्यातल्या दोघांना बोलावणार आहे. प्राचार्यांची परवानगी तेवढी बाकी आहे.

गंजकी सुईही वापरली. फरक पडतो, मास्तर. आमच्याकडे गंजक्या सुयांची कमतरता नाही.

केळ वर्गात कापलं, ठिपके दाखवले. "म्हणजे आमची सगळी बाग एकच झाड आहे का?" असा प्रश्न आला. मी हो म्हणालो, मग थोडं सावरून घेतलं. रोपवाले, यावर तुम्ही काय म्हणाल?

काच कुणी बनवली विचारणाऱ्या त्या मुलाने मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगाला लावून फोटो काढलाय, खाली जोडतो. डावीकडून तिसरी पेशी बघा. दोन्हीकडे गुणसूत्रं सरकलेली आहेत. तो म्हणतो पश्चावस्था, मला त्यापुढची, शेवटची अंत्यावस्था वाटते, कारण मधोमध नव्या पेशीभित्तिकेसारखी पुसटशी रेघ आहे. त्याचं म्हणणं ती रेघ म्हणजे काचेवरचा ओरखडा. निकाल तुम्ही द्या, उद्या तास आहे.