‘आम्ही दोन बॅगा घेऊन आलो’ : मग दार कुणी उघडलं?

निशिगंध

काल ‘सडेतोड’ यांचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. आपली मराठी माणसं दोन बॅगा घेऊन अमेरिकेत आली, कुणापुढे हात पसरला नाही, घरं घेतली, मुलं शिकवली. मग काळ्या लोकांचंच रडगाणं का संपत नाही?

मी सत्तावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. मीही दोन बॅगा घेऊनच आले, एकीत कुकर आणि मेतकूट होतं. पण बॅगा आत न्यायला दार उघडं असावं लागतं. १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांत नागरिक व्हायचा हक्क फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आपली नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टापुढे उभे राहिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात राहून आलेला माणूस! युक्तिवाद काय, तर मी उच्च जातीचा आर्य, म्हणून गोरा. कोर्ट म्हणालं, नाही. मग ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणाऱ्या वैष्णो दास बगाईंचं असंच गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. १९४६ नंतर भारतातून येणाऱ्यांचा कोटा किती? वर्षाला १०० माणसं.

आता तारखा बघा. २ जुलै १९६४, नागरी हक्क कायदा. ६ ऑगस्ट १९६५, मतदान हक्क कायदा. ३ ऑक्टोबर १९६५, स्थलांतराचा नवा कायदा. तिन्हींवर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचीच सही, सुमारे पंधरा महिन्यांत. पहिल्या दोन कायद्यांसाठी अलाबामातल्या बर्मिंगहॅम आणि सेल्मामध्ये काळ्या लोकांनी काठ्या खाल्ल्या, अंगावर कुत्रे घेतले. तिसऱ्याने आपण आत आलो. त्यांच्या लढ्याला रडगाणं म्हणायला जीभ कशी रेटते?

सडेतोड

निशिगंधताई, तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे कारण सिद्ध होत नाही. ऑक्टोबरच्या कायद्यावर सही करताना खुद्द जॉन्सन म्हणाले होते की हा काही क्रांतिकारी कायदा नाही. कायदा करणाऱ्यांना वाटत होतं की इटली-ग्रीसमधले लोक येतील. शीतयुद्ध चालू होतं, जगापुढे तोंड दाखवायचं होतं, इंजिनिअर-डॉक्टर हवे होते. आपण आलो ते आपल्या डिग्रीवर.

आणि मला वंशभेद शिकवू नका. १९९९ मध्ये टेक्ससमध्ये मला तीन जागी अपार्टमेंट नाकारलं. फोनवर रिकामं असायचं, मी दारात उभा राहिलो की ‘आत्ताच गेलं’. मी रडत बसलो नाही, चौथं दार ठोठावलं. नायजेरियातून आलेली माणसं बघा, तीही काळीच आहेत, शिक्षणात कितीतरी पुढे आहेत. मग अडचण रंगाची कशी?

निशिगंध

चौथं दार उघडलं ना? घर भाड्याने देताना वंशावरून नकार देऊ नये हा कायदा १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच महिन्यात, आठवड्याभरात सही झाली. तो असतानाही तुम्हाला तीन जणांनी नाकारलं. तो नसता तर चौथ्याने काय केलं असतं, याचा विचार करा. आणि नायजेरियाचा डॉक्टर व्हिसासाठी निवडला जाऊन येतो, तुमच्या-माझ्यासारखाच. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्याशी त्याची तुलना कशी करता?

रांगेतला

तुम्ही दोघंही आत आहात म्हणून भांडताय. १९६५ च्या कायद्यात लिहिलंय की व्हिसा देताना वंश, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान यावरून भेद करू नये. छान. त्याच कायद्याने प्रत्येक देशाला मर्यादाही घातली. आज नोकरीच्या आणि कुटुंबाच्या कोट्यातली सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त ग्रीनकार्डं कुठल्याही एका देशाच्या वाट्याला नाहीत, आणि देश म्हणजे जन्म झाला तो. मी २०१५ पासून रांगेत आहे. मोठी मुलगी नाशिकची. एकवीस पूर्ण झाली की माझ्या अर्जातून तिचं नाव गळणार. हा जन्मस्थानावरून भेद नाही तर काय? आमच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

पांढरं सोनं

मी यवतमाळकडचा, अमेरिका पाहिलेली नाही. पण ‘१८६५ मध्ये संपलं, आपला काय संबंध’ हे वाचून राहवलं नाही. संबंध नाही काऊन? ते गुलाम अंगणातली फुलं तोडत नव्हते जी, कापूस वेचत होते. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस त्यांच्या हातचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लिंकन सरकारने दक्षिणेची बंदरं अडवली आणि मँचेस्टरची नजर वळली वऱ्हाड-खानदेशाकडे. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र हटवायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी अंगावरचं विकून घेतले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळला, प्रेमचंद रायचंदसारखा बडा व्यापारी बुडाला. आज मुंबई विद्यापीठात राजाबाई टॉवर दिसतो तो त्याच माणसाच्या देणगीचा. आणि शेतकऱ्याच्या हातात काय उरलं? कर्जखत. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची तीच कर्जखतं जाळली. तिकडे गुलाम सुटला आणि इकडे कुणबी अडकला.

मास्तर

इतकं सरळ नाही. चाळीस वर्षं साताऱ्यात इतिहास शिकवला, म्हणून बोलतो. सुपे भीमथडी तालुक्यात. तिथे वऱ्हाडासारखं कापसाचं रान नव्हतं. तिथला मुख्य राग जमिनीच्या फेरपाहणीनंतर वाढवलेल्या शेतसाऱ्याचा आणि सावकाराने कर्ज देणं थांबवल्याचा. तुम्ही वऱ्हाडचं दुःख भीमथडीच्या नावावर मांडताय.

पांढरं सोनं

सावकाराने कर्ज का थांबवलं, मास्तर? तेजीत हात सैल होता, मंदीत आवळला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने अमेरिकन युद्धाच्या तेजी-मंदीचा उल्लेख केलाय की नाही, तेवढं सांगा. सातारच्या वर्गात कापूस उगवत नाही म्हणून तो इतिहासातूनच काढू नका.

मास्तर

वर्गाचा अपमान करायचं कारण नव्हतं. उल्लेख आहे, मान्य. एक कारण म्हणून आहे. तुम्ही ते एकमेव करताय, तेवढीच माझी हरकत.

सडेतोड

चर्चा अमेरिकेवर होती. सुपे कुठून आलं?

पांढरं सोनं

कापसातून आलं. तुम्हाला वेचणी माहीत आहे? बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात. सरकीसकट कापूस ओढताना ती नखाच्या मुळाशी घुसतात. माझ्या आईची बोटं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कधी भरली नाहीत. रात्री ती त्यांना गोडंतेल लावायची आणि सकाळी भाकरी थापताना पुन्हा रक्त. हे आमच्या मालकीच्या चार एकरांत. मिसिसिपीतल्या बाईला संध्याकाळी काट्यापुढे उभं करायचे आणि वजन कमी भरलं तर चाबूक. १८६० च्या जनगणनेत गुलामीतले सुमारे चाळीस लाख जीव होते. आमच्याकडे चाबूक नव्हता, काटा होता. एका व्यापाऱ्याने बापाच्या गाडीवर ओलाव्याच्या नावाने क्विंटलमागे चार किलो कटती लावली. बापाने हात जोडले. मी नववीत होतो, गाडीवर बसून बघत होतो. म्हणून कुणी म्हणालं ना की झालं ते झालं, विसरा, तर माझ्या डोक्यात जातं.

मास्तर

यावर मी वाद घालणार नाही.

फक्त मूळ मुद्द्यावर एक गोष्ट सांगतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यातल्या माणसाला तेव्हा तिकडची मुक्ती आपली वाटली. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटवर गेले होते, म्हणजे आशेला जागा होती. १८७७ मध्ये काळ्यांना संरक्षण देणारं दक्षिणेतलं केंद्राचं लष्कर मागे हटलं. पुढे १८९० मध्ये त्याच मिसिसिपीने वाचनाची परीक्षा आणि मतदानावर कर लावून काळ्यांचं मत काढून घेतलं. तेव्हा सडेतोडराव, १८६५ मध्ये सगळं संपलं हे वाक्य माझ्या वर्गातल्या मुलाने लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. नुकसानभरपाईचं बघा. १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरात गुलाम सोडवले तेव्हा सरकारने भरपाई दिली, माणसामागे ३०० डॉलरपर्यंत. कुणाला? मालकांना.

आणि निशिगंधताई, तुमच्या बाजूने आणखी एक. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळालेले. १८६९ मध्ये बोस्टनला त्यांनी भाषण केलं, त्यात चिनी लोकांना या देशात येऊ द्या, नागरिक होऊ द्या, मत द्या, असं ठणकावून सांगितलं. १८८२ मध्ये सरकारने चिनी मजुरांना दार बंद केलं, पण आपलं माणूसपण नुकतंच मिळवलेला माणूस दुसऱ्यासाठी भांडत होता.

रांगेतला

एक सांगायचं राहिलं होतं. माझी धाकटी इथे जन्मली. तिला मात्र कुठलीही रांग नाही.

निशिगंध

का नाही, माहीत आहे? चौदावी दुरुस्ती, १८६८. गुलामीतून सुटलेल्यांना कुणी नागरिक नाही म्हणू नये म्हणून ‘जो इथे जन्मला तो इथला’ हे घटनेत घातलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क चीनला जाऊन परतला, त्याला उतरू देईनात. त्याने हेच वाक्य धरून खटला लढवला आणि १८९८ मध्ये जिंकला. तुमच्या धाकटीचा पासपोर्ट त्या वाक्यावर उभा आहे. मोठीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, ती रांग अन्यायाचीच आहे.

रांगेतला

हे माहीत नव्हतं. मोर्चाबद्दल तावातावाने लिहिलं ते मागे घेतो. सात टक्क्यांबद्दलचं घेत नाही.

सडेतोड

चौदाव्या दुरुस्तीचं कबूल. थिंड प्रकरण मला माहीत नव्हतं, तेही कबूल. ‘कुणाचंही देणं लागत नाही’ हे लेखातलं वाक्य काढतो. पण बाकीचं ठेवणार. माझ्या मुलांनी भूतकाळ उगाळत बसावं असं मला वाटत नाही, आणि या देशात कष्टाला फळ मिळतं हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. त्यासाठी मला कुणी कृतघ्न म्हणणार असेल तर म्हणा.

निशिगंध

कृतघ्न म्हणाले नाही. पण हा उगाळलेला भूतकाळ किती जवळचा आहे ते सांगते. आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी एक बाई काम करायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांची आई अलाबामाची. आई गेली तेव्हा मी भेटायला गेले, तर त्यांनी बायबलमधून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. मतदान कराची पावती, जानेवारी १९६६. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, नाव शाईने लिहिलेलं. आईला आधी दोनदा मतदाराच्या परीक्षेत नापास करून परत पाठवलं होतं. ऑगस्ट १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर मतदार यादीत नाव लागलं, मग कर भरला, वर्षाचा दीड डॉलर. मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांचा तो करच रद्द केला. पैसे परत मागितलेत का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आईला पावती हवी होती.

पांढरं सोनं

दीड डॉलर म्हणजे तेव्हा किती, ताई? वेचणीच्या हिशेबात सांगा.

निशिगंध

त्यांच्या आईला शंभर पौंड वेचले की दोन डॉलर मिळायचे, असं त्या सांगत.

पांढरं सोनं

म्हणजे पंचाहत्तर पौंड. चौतीस किलो. आमची आई सकाळी सातला रानात गेली की दिवस मावळेपर्यंत तेवढंच वेचायची.