आपला आनंद खरा आहे की आजाराची चाहूल, हे तुम्ही कसे ओळखता?

शमी (ऐरोली) :

नमस्कार. माझे वय ४२ असून गेली नऊ वर्षे मला बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार आहे. त्यासाठीचे लिथियम हे औषध नियमित चालू आहे आणि गेल्या साडेतीन वर्षांत उन्मादाचा किंवा नैराश्याचा एकही मोठा झटका आलेला नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, रोज ऐरोलीहून ठाण्याला लोकलने जाते. नैराश्याबद्दल मला काही विचारायचे नाही, कारण ते मला ओळखता येते; ते आले की वेणी घालायलासुद्धा हात वर होत नाही आणि ते घरातल्या सगळ्यांना दिसते. माझा प्रश्न आनंदाबद्दल आहे.

गेल्या मंगळवारी नणंदेच्या मुलीची पहिली मंगळागौर नौपाड्यातल्या एका सभागृहात होती. दहा वाजता निघायचे, असे मी आधीच सांगून ठेवले होते. पण झिम्मा सुरू झाला, मग फुगड्या झाल्या, आणि कितीतरी वर्षांनी माझे पाय आपोआप त्या तालावर पडू लागले, तेव्हा मला निघवेना. पहाटे चार वाजता घरी आले, आंघोळ केली आणि नेहमीच्या गाडीने कॉलेजला गेले. चार तास शिकवले, थकवा जाणवला नाही. संध्याकाळी गणपतीसाठी माळ्यावरची मोदकपात्रे काढून घासायला बसले आणि घासताना गुणगुणत होते. यजमान कामावरून आले, स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ उभे राहिले आणि त्यांनी हळूच विचारले, "गोळी घेतलीस ना?"

गोळी मी घेतली होती. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच विचारला असता. पण माझे गुणगुणणे थांबले, आणि त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक हसण्याची झडती घेते आहे. पहिल्या झटक्यात मी एका दुपारी ३१ साड्या घेतल्या होत्या. परवा गौरींसाठी दोन घेतल्या, तर त्या दोन साड्यांचाही हिशेब द्यावा लागतो, आणि तो इतर कुणापेक्षा मीच माझ्याकडे मागते.

तुमच्यापैकी ज्यांना हा आजार आहे किंवा ज्यांच्या घरात तो आहे, त्यांनी कृपया सांगावे की साधा, सणाचा आनंद आणि उन्मादाची सुरुवात यांतला फरक तुम्हाला आतून कळतो का. दुसरे म्हणजे हरतालिका तोंडावर आली आहे. सासूबाईंच्या घरात ती निर्जळ करतात आणि मीही दरवर्षी करते. यंदा फुगड्यांमुळे गुडघे दुखत असल्याने चार दिवस औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत आणि फळ्यावर लिहिताना हात जरासा थरथरतो, त्यामुळे उपास झेपेल ना, एवढीच शंका आहे.

खाडीकाठ (नेरूळ) :

शमीताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझी पहिली पाच-सहा वर्षे आठवली. माझे निदान १७ वर्षांपूर्वी झाले. आमच्या लहानपणी मुंबईत कुणी जरा वेगळे वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे म्हणत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्याचे नाव शिवीसारखे वापरले जाई. मी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा गेलो, तेव्हा रांगेत उभा असताना तेच वाक्य कानात घुमत होते. प्रत्यक्षात समोरच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलेला पहिला प्रश्न होता, "झोप किती तास होते?" इतक्या वर्षांनंतर मला वाटते की या आजारात यापेक्षा कामाचा प्रश्न नाही.

माझे उत्तर अनुभवाचे आहे, शास्त्राचा दावा त्यात नाही. मन किती आनंदी आहे हे मी मोजत नाही, कारण उन्मादात मोजणारा हातच बिघडलेला असतो. मी झोप मोजतो. जागरण झाल्यावर निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जांभया देतो आणि मिळेल तिथे डोके टेकतो. आजार डोके वर काढत असेल, तर झोप कमी होऊनही तिची गरजच वाटत नाही, उलट अंगात वीज खेळल्यासारखे वाटते. जागरण हे उन्मादाचे कारणही असू शकते आणि लक्षणही, त्यामुळे एका रात्रीवरून काही ठरवता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री काय झाले, ते पाहावे लागते. तुम्ही "थकवा जाणवला नाही" असे लिहिले आहे. तो एक दिवस मी वहीत तांबड्या शाईने लिहिला असता, पण घाबरलो नसतो. बुधवारी आणि गुरुवारी रात्री तुम्ही किती झोपलात, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

आणखी एक खूण सांगतो. खऱ्या आनंदाला थांबवता येते. नातवंड गच्चीवर चांदणे पाहायला बोलावत असेल आणि सुनेने "बाबा, उद्या पाहा" म्हटले, तर मला थोडी हळहळ वाटते आणि मी झोपायला जातो. २०११ साली मी रात्री तीन वाजता पाम बीच मार्गावर चालत होतो, डोक्यात दोन घरांचे व्यवहार एकाच वेळी जुळत होते, दुसऱ्या दिवशी दोन्हींसाठी बयाणा देऊन आलो, आणि बायकोने "जरा थांबा" म्हटल्याबरोबर ती मला शत्रू वाटली. आनंदात माणसे जवळ येतात. उन्मादात जो कुणी आड येईल त्याचा राग येतो. तुमचे यजमान दारात उभे राहिले तेव्हा तुम्हाला वाईट वाटले, संताप आला नाही, याची मी नोंद घेतली.

पैशांबाबत आमच्या घरी ठरलेले आहे की दहा हजारांवरची कुठलीही खरेदी दोन रात्रींची झोप झाल्याशिवाय करायची नाही, आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची दिवसाची मर्यादा मी बरा असतानाच कमी करून ठेवली आहे. दोन साड्या या नियमात बसतात. त्या नेसा.

बकुळ (ठाणे, निवृत्त परिचारिका) :

खाडीकाठ यांनी झोपेबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण शमीताई, तुमच्या प्रश्नाचा शेवटचा परिच्छेद मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो तुम्ही जाता जाता लिहिला आहे. कृपया हे वाचल्यावर थांबू नका, आजच तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करा.

लिथियम हा एक क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला बरेचसे सोडियमसारखेच वागवते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडवून ठेवते, त्यामुळे गोळी तीच असूनही रक्तातले प्रमाण वाढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळेही लिथियम बाहेर पडण्याचे प्रमाण कमी होते. या औषधाची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते : दीर्घकाळच्या उपचारात सहसा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर इतके प्रमाण राखतात, तर १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू शकतात, आणि काहींना त्याआधीच दिसतात. हाताची बारीक थरथर अनेकांना लिथियमवर नेहमीच असते, पण जी थरथर नव्याने आली किंवा वाढली, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे किंवा बोलताना जीभ जड होणे यांपैकी काहीही दिसले, तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.

तेव्हा त्या वेदनाशामक गोळ्या थांबवा आणि गुडघ्यांसाठी काय घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा पॅरासिटामॉल चालते. लिथियम मात्र मनाने कमी करू नका आणि बंदही करू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. रक्त तपासायला सांगितले, तर शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी नमुना द्यायचा असतो. रात्री नऊला गोळी घेतली असेल, तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असल्यास ती नमुना दिल्यानंतर. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारी) यांच्या तपासण्या राहिल्या असतील, तर त्याही करून घ्या.

निर्जळ उपासाबद्दल मी स्पष्टच लिहिते की लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने तो करू नये. मी स्वतः ३० वर्षे हरतालिका केली आहे, त्यामुळे श्रद्धेला कमी लेखून मी हे म्हणत नाही. आजारी, गरोदर आणि वयस्कर बायका फळे आणि पाणी घेऊन हे व्रत करतात, आणि आमच्या आळीतल्या कुठल्याही सासूने त्याला कधी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.

उपवनकर (ठाणे) :

मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या पत्नीला हा आजार ११ वर्षे आहे, आणि "गोळी घेतलीस ना?" हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. शमीताई, तुमच्या यजमानांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही, पण दारात उभे राहून पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेले असते, ते मला माहीत आहे. तो तुमचे गाणे ऐकून सुखावलेला असतो आणि त्याच क्षणी मागच्या वेळी सगळे असेच सुरू झाले होते, हे त्याला आठवते. त्या भीतीला शब्द सापडत नाहीत, म्हणून तो गोळीबद्दल विचारतो.

आमच्याकडे यावरून दोन वर्षे धुसफूस झाली. झोपेची वही आम्हीही ठेवली, पण खाडीकाठ यांच्यासारखा तिचा उपयोग झाला नाही, कारण ती मी लिहीत होतो. पत्नी म्हणाली, "मी तुझी परीक्षार्थी नाही." ते ऐकून मला फार लागले, आणि ते खरेच होते. आता वही तिची आहे. रविवारी सकाळी चहा झाल्यावर उपवन तलावाला एक फेरी मारायची, आणि तेव्हा तिला वाटले तर ती मला आठवडा वाचून दाखवते. एरवी मी विचारायचे नाही. मात्र ती पूर्ण बरी असताना तिने स्वतःच्या हाताने पाच खुणा लिहून दिल्या आहेत, उदाहरणार्थ सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप, किंवा मध्यरात्रीनंतर जुन्या मैत्रिणींना फोन. त्यांपैकी दोन एकत्र दिसल्या, तरच मी बोलायचे, आणि मी बोललो की तिने वाद न घालता डॉक्टरांना फोन करायचा. गाणे म्हणणे त्या यादीत नाही. ते नसावे, असे तिनेच बजावून सांगितले होते.

याच कागदाला थोडे अधिकृत रूप देण्याची सोय कायद्यात आहे, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यानुसार पुढे निर्णयक्षमता राहिली नाही, तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लेखी देऊ शकते, शिवाय आपला प्रतिनिधीही नेमू शकते. पत्नीने मला नेमले नाही, तिच्या धाकट्या बहिणीला नेमले. सुरुवातीला मला ते अवघड गेले. आता वाटते की त्यामुळे मला तिचा नवरा म्हणून राहता आले.

एक गोष्ट राहिली. रात्री-अपरात्री डॉक्टर सापडत नसतील आणि बोलायला कुणी हवे असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आम्ही तो तीनदा वापरला आहे, त्यांतल्या दोन वेळा मी स्वतःसाठी.

शमी (ऐरोली) :

सर्वांचे आभार मानते. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, त्याचे कारण सांगते.

बकुळताई, तुमचा मजकूर वाचल्या वाचल्या फोन केला. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या ताबडतोब बंद करायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला सांगितले. मे महिन्यात लिथियमचे प्रमाण ०.७ होते, ते या वेळी १.१ आले. तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या कुठल्याही खुणा नव्हत्या, म्हणून डोस तोच ठेवून भरपूर पाणी प्यायला सांगितले आहे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायचे आहे. कालपासून फळ्यावरची अक्षरे सरळ येत आहेत. मी आठ दिवस माझ्या हसण्याकडे डोळे लावून बसले होते आणि हाताकडे माझे लक्षच नव्हते, याचा मला मनापासून खेद होतो.

खाडीकाठकाका, बुधवारी रात्री मी साडेआठला जेवले आणि नऊला झोपले, ती थेट सकाळी सहाला उठले. गुरुवारी तर लोकलमध्ये बसल्या बसल्या डोळा लागला आणि शेजारच्या बाईंनी ठाण्याला हलवून उठवले. हे मला आधी आठवलेच नव्हते, कारण मी झोपेची नोंद ठेवत नव्हते. आता वही आणली आहे, आणि उपवनकर यांनी लिहिल्याप्रमाणे ती माझ्याच कपाटात राहील.

उपवनकर, तुमचा मजकूर मी यजमानांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "त्या दिवशी तू काय गुणगुणत होतीस, ते विचारायचे राहून गेले." खुणांची यादी आम्ही येत्या रविवारी करणार आहोत. सासूबाईंशी त्यांनी स्वतः बोलून घेतले. यंदा हरतालिकेला मी पाणी, ताक आणि फळे घेऊन पूजेला बसणार आहे, आणि रात्रीच्या जागरणाला न थांबता दहा वाजता घरी परतणार आहे. नव्या साड्यांपैकी हिरवी त्या दिवशी नेसेन, दुसरी गौरींसाठी ठेवली आहे.