प्रतिसाद: पातेगळ आणि पाण्याचा ताण

वर विचारलंय की पावसाचा खंड पडला की कपाशीची पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, का गळतात, आणि संप्रेरक (झाडाच्या वाढीवर ताबा ठेवणारं रसायन) फवारून ताण टळतो का. आधी पहिल्याबद्दल.

मुळांजवळची ओल उडाली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं. पानावरच्या प्रत्येक रंध्राच्या, म्हणजे हवा-वाफ ये-जा करणाऱ्या बारीक छिद्राच्या, दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात, घेवड्याच्या दाण्यासारख्या. हे ॲसिड पोचलं की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणीही जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचतं खरं, पण कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो, म्हणजे अन्न बनणं मंदावतं. मग झाड पोसवेल तेवढंच ठेवतं. देठातलं ऑक्सिन (पातं धरून ठेवणारं संप्रेरक) घटतं, इथिलीन (गळवणारं संप्रेरक) वाढतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पातं नुसत्या बोटाच्या धक्क्यानं हातात येतं.

गंमत म्हणजे ॲब्सिसिक ॲसिड हे नावच ॲब्सिशन, म्हणजे गळणं, यावरून पडलंय. 1960 च्या दशकात अमेरिकेत ते सापडलं तेही कपाशीच्या बोंडांत. गळण्यात मुख्य हात इथिलीनचा, हे नंतर उमगलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता फवारणी. आपण पातेगळीला एनएए मारतो ते कृत्रिम ऑक्सिन. देठाचा सांधा त्यानं काही दिवस टिकतो, पण जमिनीत ओल येत नाही. भेगा पडलेल्या रानात मारून पैसे घालवू नका. वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, असेल तरच त्याचा उपयोग. आणि डोस वाढवून तर मुळीच बघू नका, जास्त झालं की पानं वाकडी होतात.