अंदालुसियातल्या खेड्यातला पहिला वसंत: घर सांभाळणं आणि वयस्कर पाहुण्यांना फिरवणं

रानजाई

नमस्कार मंडळी. दक्षिण स्पेनमध्ये, मालागा प्रांतात आक्सार्कियाच्या डोंगरातल्या एका खेड्यात आमचं भाड्याचं घर आहे. स्वयंपाकाला नारिंगी सिलिंडर, विजेचा करार 3.45 किलोवॉटचा. एप्रिलमध्ये आई-बाबा महिनाभरासाठी येताहेत. दोघं सत्तरीचे. बाबांचे गुडघे दुखरे, आई अंडंही खात नाही. गाडी आहे.

इंडक्शन आणि हीटर एकत्र लावले की अख्ख्या घराची वीज जाते. काय करावं? सिलिंडर बदलताना नेमकं काय तपासायचं? बाबांनी कामिनितो देल रेयचे, म्हणजे कड्याला टांगलेल्या त्या प्रसिद्ध पायवाटेचे, व्हिडिओ पाहिलेत आणि त्यांना तिथं जायचंय, ते जमेल का? नाही तर कुठं न्यावं? आणि खेड्यातल्या हॉटेलात आईला काय मिळेल?

कडुनिंब

आधी विजेचं. 2000 वॉटचा हीटर, इंडक्शनची एक शेगडी 1800, त्यात गीझर 1500. बेरीज 5300 वॉट आणि करार 3450 चा. मीटर थोडा वेळ जास्तीचा भार सोसतो, मग स्वतःच पुरवठा तोडतो. यात बिघाड काही नाही. दारामागच्या पेटीतलं मुख्य बटण खाली करा, मिनिटभर थांबा, वर करा. तेवढ्यात हीटर बंद केलेला असला पाहिजे, नाहीतर पुन्हा जाईल.

पेटीत चाचणीचं छोटं बटण असलेला रुंद खटका असतो, त्याला इथं ‘दिफेरेन्सियाल’ म्हणतात. तो पडला असेल तर प्रकरण वेगळं. भार कितीही कमी असो, कुठंतरी करंट गळतोय. सगळे लहान खटके खाली करा, दिफेरेन्सियाल वर करा, मग लहान खटके एकेक करून वर घ्या. ज्याच्यासरशी तो पुन्हा पडेल, त्या लाइनीवर दोष. बहुतेक वेळा गीझरचं जुनं एलिमेंट नाहीतर गच्चीवरचा पावसात भिजलेला प्लग निघतो. चिकटपट्टी लावून तो खटका वर धरून ठेवणारे लोक असतात. ते कधीही करू नका, जीव वाचवणारा खटका तोच आहे.

महिनाभर चार माणसं राहणार असतील तर पोतेन्सिया, म्हणजे कराराचा कमाल भार, 4.6 किलोवॉट करून घेणं मला योग्य वाटतं. वाढवताना दर किलोवॉटमागे एकरकमी शुल्क भरावं लागतं, कमी करताना खर्च किरकोळ. पण वर्षातून एकदाच बदलता येईल असं धरून चाला. जुन्या घरात आधी घरमालकाला विचारा. वायरिंगच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे ‘बोलेतीन’वर, कमाल भार लिहिलेला असतो आणि त्याच्या वर जाता येत नाही.

वेळेनुसार दराचा करार असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10 वीज सगळ्यात महाग. रात्री 12 ते सकाळी 8 आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस सगळ्यात स्वस्त. गीझरला टायमर लावून पहाटे तापवा, टाकीतलं पाणी सकाळच्या आंघोळीला पुरतं. कपडे धुणं रविवारी.

आता सिलिंडर, म्हणजे ‘बोम्बोना’. आत 12.5 किलो गॅस असतो, आणि रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. शेगडीचे कॉक बंद करा, रेग्युलेटरची कळ बंदवर करा, मग त्याची कडी वर उचलून तो काढा. नव्या बोम्बोनाचं झाकण काढलं की तोंडाशी रबरी वॉशर दिसतो. बोट फिरवून बघा. तो नसेल, चिरलेला असेल किंवा त्यात वाळूचा कण असेल तर गॅस तिथूनच गळतो. रेग्युलेटर सरळ बसवा, कडी खाली दाबा आणि अंगठ्यानं हलकेच वर ओढून बघा. निघून आला तर नीट बसलेला नव्हता. मग कळ उघडून सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तिथंच बंद करायचं. काडी पेटवून तपासायचं नाही.

नारिंगी नळीवर बाद होण्याचं साल छापलेलं असतं. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि ओव्हनच्या पाठीमागून नेऊ नका, उष्णतेनं ती कडक होऊन चिरते. बोम्बोना तळघरात ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तो खालीच साचून राहतो. थंड गच्चीवरही नको, शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच नीट होत नाही आणि अर्धी भरलेली बोम्बोना संपल्यासारखी वाटते.

एक गोष्ट मात्र आई-बाबांना नक्की सांगून ठेवा. ओळखपत्र गळ्यात घातलेला माणूस न सांगता दारात येतो, ‘गॅस तपासणी’ म्हणतो, नळी-रेग्युलेटर बदलून रोख पैसे मागतो. तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते हे खरं, पण अधिकृत माणूस आपण बोलवायचा असतो. घरात एकटं म्हातारं माणूस असलं की हे लोक हटकून येतात. दार उघडायचं नाही.

पायवाट

कामिनितोवर बाबांना नेऊ नका. वाईट वाटतंय लिहायला, कारण जागा अप्रतिम आहे. एकूण वाट 7.7 किलोमीटर, त्यातला 2.9 किलोमीटरचा भाग कड्याला टांगलेल्या फळ्यांवरून जातो, खाली शंभर मीटरवर ग्वादालोर्से नदी. फळ्यांची भीती नाही, त्या भक्कम आहेत. अडचण अशी की वाट एकाच दिशेची आहे, आर्दालेसच्या बाजूनं आत आणि एल चोर्रोला बाहेर. मध्येच गुडघा धरला तर मागं फिरायची सोय नाही, आणि शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आहेत. तीन-चार तास लागतात. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो.

तुम्ही दोघं जाणार असाल तर मार्च ते मे मधल्या सुट्टीच्या दिवसांची तिकिटं काही आठवडे आधी संपतात. सोमवारी बंद. आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तिकिटावरची वेळ उत्तरेच्या फाटकावरची असते, गाडी लावण्याची नाही. रस्त्यापासून फाटकापर्यंत दोन वाटा आहेत, एक दीड किलोमीटरची आणि दुसरी 2.7 ची. बहुतेकांची वेळ हुकते ती इथंच, कारण हे चालणं त्यांनी हिशेबात धरलेलं नसतं. परतीला एल चोर्रोहून बस वर आणून सोडते. जोराचा वारा किंवा पाऊस असला की वाट बंद करतात, म्हणून निघण्याआधी सकाळी संकेतस्थळ बघा.

बाबांसाठी मी आन्तेकेराची बाजू सुचवीन. गावाला लागूनच मेंगा आणि विएरा हे दोन दोल्मेन आहेत, प्रचंड शिळा रचून केलेली प्रागैतिहासिक दफनस्थानं. चालणं थोडं आणि सोपं. मेंगाच्या आत शेवटपर्यंत जा आणि वळून उभे राहा. दाराच्या चौकटीत बरोबर समोरचा डोंगर बसतो, आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. कपाळ, नाक, हनुवटी सगळं दिसतं. त्याचं नाव पेन्या दे लोस एनामोरादोस. विएराचं तोंड सूर्योदयाकडे आहे, 20-21 मार्चच्या आसपास उगवतीचं ऊन सरळ आतल्या खोलीत शिरतं. हे दोल्मेन, तो डोंगर आणि जवळचा तोर्काल हा चुनखडीचा डोंगर यांना 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्र स्थान मिळालं.

तोर्कालला गाडी वरपर्यंत जाते. तिथलं माहिती केंद्र साधारण 1200 मीटर उंचीवर, म्हणजे किनाऱ्यावर शर्ट पुरत असेल तर इथं सात-आठ अंशांनी गार, वर वारा. स्वेटर हवाच. वाहनतळाजवळच सज्जा आहे, बाबा तिथं उभे राहून सगळी दरी बघतील. तुम्ही तोवर दीड किलोमीटरची, हिरव्या खुणांची वाट करा. आकडा लहान दिसतो, पण सगळी दगडावरून आहे, पाऊण तास धरा. चुनखडीचा दगड हजारो बुटांनी गुळगुळीत झालेला, पावसानंतर साबणासारखा निसरडा होतो. धुकं आलं तर वाटेवरून हलू नका, तिथं प्रत्येक खडक दुसऱ्यासारखाच दिसतो.

तिथून पुढं फुएन्ते दे पिएद्राचं खारं तळं आणि रोहित पक्षी. हिवाळ्यात पाऊस पुरेसा झाला असेल तरच. कोरड्या वर्षी नुसतं पांढरं मीठ असतं, म्हणून आधी तिथल्या माहिती केंद्रात फोन करून पाणी आहे का विचारा. दुर्बीण न्या, पक्षी काठापासून लांब असतात. दुपारी हवा थरथरते आणि नुसते गुलाबी ठिपके दिसतात, म्हणून सकाळी जा.

सपाट चालणं हवं असेल तर ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो ही विया वेर्दे, म्हणजे रेल्वेमार्गाची केलेली पायवाट. 36 किलोमीटर, 30 बोगदे. रेल्वेसाठी बांधलेला मार्ग, पण त्यावर गाडी कधी धावलीच नाही. उतार ओल्वेराकडून आहे, सायकलवाल्यांनी तिथून सुरुवात करावी. चालणाऱ्यांनी दोन-तीन किलोमीटर जाऊन परत यावं. बोगद्यात दिवे असले तरी बॅटरी जवळ ठेवा.

जवळचं म्हणाल तर मेच्या सुरुवातीला सायालोंगात निस्पेरोचा दिवस असतो. निस्पेरो म्हणजे लोकाट. आई-बाबा तोवर असतील तर न्याच. सालीवर तपकिरी डाग असलेलं फळ घ्या, गुळगुळीत पिवळं आंबट निघतं.

औषधाची पेटी

पायवाट यांच्या माहितीत एक भर, आणि ही गांभीर्यानं घ्या. एल चोर्रोचे जलाशय असोत की कुठलीही सहलीची जागा, सावली बहुतेक पाइनचीच असते, आणि जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत त्या झाडांवरून ‘प्रोसेसिओनारिया’ सुरवंट उतरतात. फांद्यांच्या टोकाला कापसाच्या पिशवीसारखी पांढरी घरटी दिसली की चटई तिथं पसरायची नाही. खाली ते एकाला एक लागून रांगेत चालतात. काठीनं डिवचू नका. त्यांचे बारीक केस हवेत उडतात आणि न शिवताही कातडीवर गांधी, डोळ्यांत जळजळ होते. लागलंच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून केस उचलून घ्या, भरपूर पाण्यानं धुवा, कपडे वेगळे धुवा. श्वास लागला किंवा डोळा सुजला तर 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कुत्र्यानं चाटलं तर तोंड न चोळता कोमट पाण्यानं धूत तडक पशुवैद्याकडे, जीभ काळी पडून गळू शकते.

मेमध्ये ऑलिव्हचा मोहर. हाएन, कोर्दोबा, ग्रानादा या भागांत परागकण प्रचंड असतात. बाबांना दम्याची प्रवृत्ती असेल तर त्या दिवसांत गाडीच्या काचा बंद ठेवा आणि त्यांचा नेहमीचा पंप भरलेला आहे ना, ते आधी बघा.

आणि सहारातली धूळ, ‘कालिमा’. आभाळ पिवळट दिसलं की वाळत घातलेले कपडे आत घ्या. वर पाऊस पडला तर थेंबाथेंबाला चिखल असतो. गच्ची कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा.

औषधाचं दुकान बंद असेल तर दारावर ‘फार्मासिया दे ग्वार्दिया’चा कागद असतो. त्या दिवशी कुठल्या गावातलं दुकान उघडं आहे ते त्यावर कळतं. आई-बाबांच्या रोजच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून आणायला सांगा, ब्रँडचं नाव इथं कुणाला कळत नाही.

मिठाची बरणी

आईच्या जेवणाचं. ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढंच सांगून भागत नाही. ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा तुकडा असं अनेकांना वाटतं, हॅम आणि ट्यूना त्यात धरतच नाहीत. पूर्ण सांगा: ‘नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन, नि आतून, नि उएवो’, म्हणजे मांस, मासे, हॅम, ट्यूना, अंडं काहीच नको. शेवटचा शब्द अंड्याचा.

निर्धास्त मागवण्यासारखं म्हणजे ‘बेरेन्हेनास कोन मिएल’, तळलेली वांगी आणि वरून उसाची काकवी. ही काकवी फ्रिहिलियानाची. पिठात अंडं नाही ना, एवढं विचारून घ्या. ‘पापास आ लो पोब्रे’, ऑलिव्ह तेलात मऊ शिजवलेले बटाटे, कांदा, हिरवी ढोबळी मिरची. ते बरेचदा अंड्याबरोबर येतात, तेव्हा आधीच नको म्हणा. ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, पालक-छोले, जिऱ्याचा वास ओळखीचा वाटेल, पण रस्सा मांसाच्या काढ्यातला नाही ना ते विचारा. ‘आखोब्लांको’, बदाम-लसणीचं गार सार. साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटो-पावाच्या दाट गार सारावर, उकडलेलं अंडं आणि हामोन भुरभुरतात, ‘सिन नादा पोर एन्सिमा’ (‘वर काही नको’) म्हटलं की नुसतं आणून देतात. मिगास (परतलेला पावाचा चुरा), पुचेरो (मांसाचा रस्सा) आणि क्रोकेता (तळलेले गोळे) टाळा, त्यांत बहुधा मांस असतं.

किराण्यात ‘आरिना दे गार्बान्सो’ म्हणजे बेसनच. ‘सिलान्त्रो’ म्हणजे कोथिंबीर, ‘पेरेहिल’ (पार्सली) नाही. दोन्ही जुड्या सारख्या दिसतात, पान चुरडून वास घ्या.

घड्याळाचं मात्र सगळ्यांत महत्त्वाचं. खेड्यात जेवण दुपारी दीड-दोन ते चार, रात्री साडेआठनंतर. साडेबाराला गेलात तर कॉफी आणि तोस्तादा (भाजलेला पाव) मिळेल, ताट नाही. दुकानं दोन ते पाच-साडेपाच बंद. आयुंतामिएन्तो (गावाची नगरपालिका) आणि बँक दोनलाच बंद होते. रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद. सेमाना सान्ताच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, गुरुवारी-शुक्रवारी सुट्टी असते, रस्ते मिरवणुकीसाठी बंद होतात आणि संध्याकाळी गाडी गावात शिरत नाही, म्हणून बाबांना आधीच जवळ आणून बसवा. शिवाय प्रत्येक गावाच्या स्वतःच्या दोन सुट्ट्या असतात, शेजारच्या गावाच्या वेगळ्या. आयुंतामिएन्तोच्या फलकावर बघून लिहून घ्या.

रानजाई

खूप आभार. आन्तेकेरा पक्कं. एक राहिलं: आमच्या दोघांकडे भारतीय परवाना आहे, राहण्याची परवानगी नोव्हेंबरमध्ये मिळाली. एप्रिलमध्ये गाडी चालवता येईल का? आणि आई-बाबा आमच्याच घरी राहणार, व्हिसाला काय लागेल?

कडुनिंब

परवान्याची मुदत राहण्याची परवानगी मिळाल्यापासून सहा महिने, म्हणजे एप्रिल चालेल, मेमध्ये तारीख बघा. त्यानंतर तो चालत नाही, आणि भारताशी परवाना अदलाबदलीचा करार नाही. लेखी परीक्षेला आत्ताच बसा: 30 प्रश्न, तीन चुकांपर्यंत पास, इंग्रजीतही देता येते. प्रत्यक्ष चाचणीतल्या सूचना मात्र स्पॅनिशमध्ये, ‘ला प्रोक्सिमा आ ला देरेचा’ (पुढच्या वळणावर उजवीकडे), ‘एस्तासिओने’ (गाडी लावा) असली दहा-बारा वाक्यं पाठ करा.

व्हिसासाठी ‘कार्ता दे इन्वितासिओन’, म्हणजे निमंत्रणपत्र, लागेल. ती राष्ट्रीय पोलिसांच्या कचेरीत तुम्ही स्वतः अर्ज करून काढायची, घराचा करार आणि पाद्रोनचा (गावातल्या रहिवासी नोंदीचा) दाखला घेऊन जा. मूळ कागद आई-बाबांकडे पाठवावा लागतो, त्याला दिवस लागतात. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा. बाबांच्या गुडघ्याचा जुना आजार त्यात येतो का, हे लेखी विचारा. कचेरीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, तेव्हा ती आज रात्रीच नोंदवा.