जमिनीवरचा वेगविक्रम: इंजिन चाकं फिरवतच नाही, तर चाकांचा एवढा बाऊ का?

प्रश्न: निळी_रेघ

थ्रस्ट एसएससी या जेट गाडीचा विक्रम १५ ऑक्टोबर १९९७ चा. नेव्हाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट, चालक अँडी ग्रीन, वेग ताशी १,२२७.९८५ किमी. त्याला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला, तरी तो तसाच उभा आहे. तशीच दुसरी जेट गाडी ब्लडहाउंड २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हाकस्कीन पॅन या कोरड्या तळ्यावर ताशी १,०१० किमीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली.

मला कोडं पडलंय ते असं. या गाड्यांना गिअरबॉक्स नाही, चाकांना इंजिनाची जोडणी नाही. लढाऊ विमानाचं जेट मागे हवा फेकतं आणि गाडी पुढे जाते. चाकं नुसती खाली गडगडत असतात. मग जेव्हा पाहावं तेव्हा चर्चा चाकांची, जमिनीची आणि खडे वेचण्याची का? इंजिनाचा रेटा वाढवला की काम व्हायला हवं ना? आणि एका तासात उलट्या दिशेने दुसरी धाव घ्यायची अट कशासाठी? आकडे देऊन कुणी समजावलं तर फार बरं होईल.

---

उत्तर १: लेथवाला

इंजिन हा यातला सोपा भाग आहे. थ्रस्ट एसएससीत फँटम विमानाची रोल्स-रॉइस स्पे इंजिनं होती, दोन मिळून रेटा साधारण २२३ किलोन्यूटन. ही इंजिनं तयार मिळतात, त्यांची चाचणी आधीच झालेली असते, त्यांची दुरुस्ती-देखभाल करणारी माणसंही असतात. ताशी १,२०० किमीला फिरणारं चाक मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

गणित करून पाहा. ब्लडहाउंडचं चाक ९० सेमी व्यासाचं, भरीव ॲल्युमिनियमचं, वजन ९५ किलो. ताशी १,२२८ किमी म्हणजे सेकंदाला ३४१ मीटर. या वेगाला असं चाक मिनिटाला जवळजवळ ७,२४० फेरे घेतं. कडेवरचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, ते निघतं गुरुत्वाकर्षणाच्या २६ हजार पटींहून जास्त. चाकाच्या कडेला एक ग्रॅमची चिखलाची खपली चिकटली असेल, तर ती चाकाला २६ किलोच्या जोराने बाहेर ओढते. एका बाजूला थोडी माती धरली की चाक थरथरू लागतं आणि ती थरथर थेट बेअरिंगमध्ये उतरते.

रबर का नाही, हा ओघाने येणारा प्रश्न. रबर पूर्वी होतं. ब्लू फ्लेम या रॉकेट गाडीने १९७० साली अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १,००१.६६७ किमी गाठले ते गुळगुळीत रबरी टायरांवरच. पण वेग वाढेल तसं रबर आपल्याच वजनाने बाहेर फेकलं जायला बघतं. म्हणून थर पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ थर खड्याने चटकन कापला जातो. १९८३ चं थ्रस्ट २ म्हणूनच भरीव ॲल्युमिनियमवर धावलं आणि ताशी १,०१९ किमीवर विक्रम घेऊन आलं.

"मग पोलाद का नाही? ते जास्त मजबूत" असं वाटतं, पण फिरणाऱ्या वस्तूत मजबुती एकटी बघून चालत नाही. पातळ कड्यात येणारा ताण म्हणजे घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. ३४१ मीटरला ॲल्युमिनियमच्या कड्यात सुमारे ३२५ मेगापास्कल येतो, पोलादाच्या कड्यात ९०० च्या वर. पोलाद मजबूत असतं, पण स्वतःच्या वजनाचा बोजाही तितकाच वाढवून ठेवतं. शिवाय जड चाक दणके जास्त देतं.

आकार तर त्याहून महत्त्वाचा. कड्याऐवजी भरीव तबकडी घेतली तर मध्यावरचा ताण साधारण ४० टक्क्यांवर येतो. मात्र आसासाठी मधोमध भोक पाडलंत, कितीही लहान, की त्याच्या काठाशी ताण दुप्पट होतो. म्हणून हे चाक बुंध्याशी जाड असतं आणि कडेकडे निमुळतं होत जातं. धातूही ओतीव चालत नाही, फोर्जिंग केलेलाच (दाबून-ठोकून घडवलेला) लागतो. ओतीव धातूत राहिलेला एखादा बारीक बुडबुडा अशा ताणाखाली तडा सुरू करायला पुरतो.

---

निळी_रेघ:

चाकाचं समजलं, धन्यवाद. म्हणजे खडा लागला की धोका कडेला पोचलेल्या ओरखड्याचा?

---

लेथवाला:

हो. ओरखडा म्हणजे तड्याची सुरुवात. त्याहून वाईट म्हणजे आदळलेला खडा चाकाची जुळणीच मोडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ओरेगॉनच्या अल्वर्ड वाळवंटात नॉर्थ अमेरिकन ईगल ही जेट गाडी चालवताना अमेरिकी चालक जेसी कोम्ब्स अपघातात गेल्या. तपासात पुढच्या चाकाची जुळणी निकामी झाल्याचं आढळलं, आणि बहुधा जमिनीवरच्या कशावर तरी आदळून तसं झालं असा निष्कर्ष निघाला. त्या धावेतला ताशी ८४१ किमीचा वेग पुढे महिलांचा विक्रम म्हणून नोंदला गेला. हाकस्कीन पॅनवर स्थानिक मीयर समाजाच्या तीनशेहून जास्त लोकांनी हातांनी साडेसोळा हजार टन दगड उचलले. त्या उन्हात वाकून खडे वेचणाऱ्यांचं काम इंजिन बसवणाऱ्यांइतकंच मोलाचं आहे, हे माझं ठाम मत.

---

उत्तर २: वाऱ्याचा_दाब

चाकांचं उत्तम आलंय. "रेटा वाढवा" या भागाला मी उत्तर देतो, कारण खरी भीती तिथे आहे.

ब्लॅक रॉक समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, हवा थोडी विरळ. तरीही सेकंदाला ३४१ मीटरला हवेचा गतिज दाब ६० किलोपास्कलच्या पुढे जातो, म्हणजे दर चौरस मीटरला सहा टनांहून जास्त. गाडी साधारण साडेदहा टनांची आणि पोटाखालचं क्षेत्रफळ कित्येक चौरस मीटर. नाक अंशाच्या लहानशा भागाने वर गेलं आणि पोटाखाली दाब थोडा वाढला, तर काही टन उचल सहज तयार होते. उचल नाकाशी आली की नाक आणखी वर जातं, त्याने उचल आणखी वाढते. चालकाने काही करायच्या आत सगळं आटोपतं.

उलट बाजूलाही सुटका नाही. नाक खाली दाबून ठेवलं तर पुढची चाकं जमिनीत रुततात आणि घर्षण वाढतं. म्हणजे गाडी 'ना वर, ना खाली' अशी धरून ठेवायची, तीही वेग सारखा बदलत असताना. यासाठी एसएससीत संगणकाने चालणारं सस्पेन्शन होतं, धावेदरम्यान गाडीचा कल सावरणारं. आकाराची तपासणी गटातले वायुगतिकी तज्ज्ञ रॉन आयर्स यांनी संगणकावर केली आणि मग वेल्समधल्या पेंडाइनच्या रॉकेट-स्लेडवर (रुळांवरून रॉकेटने पळणाऱ्या घसरगाडीवर) लहान प्रतिकृती पळवून ताडून पाहिली. साध्या पवनबोगद्यात हे जमत नाही, कारण तिथे जमीन स्थिर असते आणि इथे ती गाडीखालून ध्वनीच्या वेगाने मागे सरकत असते. गाडीचा शॉक (ध्वनीच्या वेगाजवळ हवेत उठणारी दाबाची लाट) जमिनीवर आपटून परत गाडीच्या पोटावर येतो. विमानाला हा प्रश्नच नाही.

शॉक जमिनीचंही करायचं ते करतो. ध्वनीच्या वेगाजवळ गाडीखालची वाळलेली माती भुसभुशीत होऊन उडते आणि मागच्या भागावर आदळते. त्या उडालेल्या मातीचा वेगळाच अडथळा तयार होतो. इंजिनाचा रेटा मोजताना हवेचा अडथळा, चाकांचं घर्षण आणि हा मातीचा अडथळा, तिन्ही धरावे लागतात. तिसरा आधी कागदावर काढणं सर्वात अवघड.

दिशा सांभाळणं हा आणखी एक भाग. धातूच्या चाकाला अशा वेगाला जमिनीवर पकड फारशी राहत नाही, दिशा धरतो तो शेपटीचा उभा पंख. १९९६ साली ब्लॅक रॉकवरच अमेरिकी चालक क्रेग ब्रीडलव्ह यांची जेट गाडी ताशी सुमारे १,०८० किमीला आडव्या वाऱ्यात सापडली. एका बाजूने उचलली गेली आणि वाळवंटात भलंमोठं वळण घेत थांबली. ते वाचले, प्रयत्न संपला. एसएससीचं स्टिअरिंग तर मागच्या चाकांना होतं, कारण पुढे दोन इंजिनांच्या मध्ये चाकं वळवायला जागाच उरली नव्हती. मागची दोन चाकं एकमेकांच्या थोडी मागेपुढे बसवली होती, तेही अरुंद शेपटीत मावावीत म्हणून. ही कल्पना आधी एका मिनी गाडीवर मागचं स्टिअरिंग बसवून पारखली होती.

---

उत्तर ३: परतीची_फेरी

एका तासाच्या अटीबद्दल.

विक्रम धरतात तो मोजलेला मैल किंवा किलोमीटर दोन्ही दिशांनी पार करून, आणि दोन्ही धावांची सरासरी घेऊन. वारा पाठीशी असेल किंवा जमिनीला किंचित उतार असेल, तर एका दिशेचा फायदा दुसऱ्या दिशेला तोटा ठरतो. वेळेची मर्यादा नसती, तर सकाळी एक वारा आणि संध्याकाळी उलटा वारा असं साधता आलं असतं.

या वेगाला तो मैल पार व्हायला ४.७ सेकंद लागतात. खरी कसोटी त्यानंतरच्या साठ मिनिटांत. गाडी थांबवायची, ओढून वळवायची, इंधन भरायचं, वापरलेली पॅराशूट काढून नवी घडी केलेली बसवायची, चाकांवर हात फिरवून ओरखडे बघायचे, नोंदी उतरवून नाकावरचा भार ठरल्याप्रमाणे होता का ते पाहायचं, मग इंजिनं पुन्हा सुरू करायची. १३ ऑक्टोबर १९९७ ला थ्रस्ट एसएससीने दोन्ही दिशांनी ध्वनीचा वेग ओलांडला होता, पण मुदत सुमारे एका मिनिटाने हुकली. विक्रम धरला गेला नाही. दोन दिवसांनी सगळं पुन्हा केलं तेव्हा मिळाला.

थांबवण्याचा हिशेब सांगतो, कारण ब्रेक काय करतात याबद्दल गैरसमज फार. थ्रॉटल सोडताच नुसती हवाच गाडीला दोन g च्या (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) आसपास मागे ओढते. त्यानंतर पॅराशूट. चाकांचे ब्रेक लागतात ते ताशी ३०० किमीच्या आसपास किंवा त्याखाली. तोवर गतिज ऊर्जेचा जेमतेम पंधरावा हिस्सा उरलेला असतो. वरच्या वेगाला ब्रेक लावले तर डिस्क पेटतात, थांबणं दूरच. १५ ऑक्टोबर १९६४ ला बोनव्हिलवर नेमकं हेच घडलं. ताशी ८४७ किमीच्या विक्रमी फेरीनंतर ब्रीडलव्ह यांची पॅराशूट निकामी झाली, ब्रेक जळाले, गाडी तारेचे खांब तोडत मिठाच्या पाण्याच्या तळ्यात जाऊन पडली. म्हणून मोजलेल्या मैलाच्या दोन्ही बाजूंना सारखीच लांब धावपट्टी लागते. हाकस्कीनची धावपट्टी सुमारे १६ किमीची, म्हणजे एकेका बाजूला जेमतेम सात. वेग वाढवायचा तर ही लांबीही वाढवावी लागते, आणि इतकी सपाट, बिनखड्याची जमीन जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

---

उत्तर ४: मीठभाकर

इंजिनाने चाकं फिरवणाऱ्या गाड्यांचा हिशेबही जोडतो, कारण तिथे अडसर पूर्ण वेगळा आहे. डोनाल्ड कॅम्पबेल यांची ब्लूबर्ड सीएन७ सुमारे ४ टनांची, आत ४,००० अश्वशक्तीहून जास्त ताकदीचं प्रोटियस टर्बाइन. १७ जुलै १९६४ ला ऑस्ट्रेलियात लेक आयर या कोरड्या मिठाच्या तळ्यावर ताशी ६४८.७३ किमी. सेकंदाला १८० मीटर धरले तर ४,००० अश्वशक्तीचा रेटा येतो साधारण साडेसोळा किलोन्यूटन. गाडीचं वजन ३९ किलोन्यूटन. म्हणजे चारही चाकांना मिळून घर्षणगुणक ०.४ च्या वर हवा. सुक्या कडक मिठावर तो मिळतो, ओलसर मिठावर चाकं घसरू लागतात. आदल्या वर्षी पावसाने तिथे तळंच झालं होतं. ताकद दुप्पट केली तरी पकड तेवढीच राहते. जेटने हा प्रश्न सोडवला, आणि त्याच्या जागी वर सांगितलेले सगळे आणून ठेवले.

---

निळी_रेघ:

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका: थंड सकाळी धावणं बरं की तापलेल्या दुपारी?

---

वाऱ्याचा_दाब:

ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. ५ अंशांना तो ताशी सुमारे १,२०४ किमी, ३५ अंशांना सुमारे १,२६७. म्हणजे तोच १,२२८ किमीचा वेग सकाळी ध्वनीपलीकडे आणि दुपारी ध्वनीअलीकडे. फक्त ताशी किलोमीटर हवे असतील, तर दुपारी शॉकचा अडथळा उशिरा येतो आणि हवाही विरळ मिळते. पण गरम हवेत जेटचा रेटा घटतो आणि दुपारी वाळवंटात वारा उठतो. एसएससीला ध्वनीचा वेग ओलांडायचाच होता, त्यांना गारठा उपयोगाचाच होता. निव्वळ वेगासाठी जाणाऱ्या गटाने आपल्या इंजिनाचा रेटा अंशागणिक किती घटतो याचा तक्ता आधी काढावा, मग वेळ ठरवावी. तरी वारा पडलेला नसेल तर तक्ता बाजूला ठेवून गाडी तंबूतच राहू द्यावी.