मदत हवी आहे: इंजिनकाम केल्यानंतर जुन्या ट्रकचा पांढरा धूर थांबत नाही
नमस्कार. आमच्या सहा सिलिंडरच्या जुन्या डिझेल ट्रकचे इंजिनकाम गेल्या महिन्यात पूर्ण झाले. लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंग नवीन आहेत. तेव्हापासून सकाळी इंजिन उशिरा सुरू होते आणि ते गरम होईपर्यंत डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येत राहतो. रेडिएटरमधील पाणी घटत नाही व ऑइल दुधाळ झालेले नाही, त्यामुळे हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक व हेडमधील सीलवर) माझा संशय नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले, डिझेल लाइनमधील हवा काढली, टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) पुन्हा लावले. डिझेल पंप बसवताना टायमिंग (डिझेल फवारले जाण्याची वेळ) मागे राहिले असेल, की रिंगा अजून नीट न बसल्याने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) कमी पडत असेल? हा ट्रक वडिलांनी घेतलेला आहे, तो मोडीत काढण्याची माझी इच्छा नाही. इंजिन पुन्हा न उघडता आधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.